नोंद : इंदुमती साळुंके

"बूट काढू नका सर, अंगणात खिळे असतात," साळुंकेबाई म्हणाल्या.

मी एक बूट काढलाच होता. तो परत चढवताना खांद्यावरची बॅग पुढं घसरली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. बॅगेत दोनच वस्तू होत्या. एक सीडी, तिच्यावर मी माझ्याच हातानं 'नवी आवृत्ती' असं लिहिलं होतं. आणि एक पाकीट. सीडीत नवं काहीही नव्हतं. पाकिटात काय आहे ते मला माहीत होतं, पण ते काढायची वेळ येणार नाही अशी मी पुण्यापासून सांगोल्यापर्यंत स्वतःची समजूत घालत आलो होतो. सांगोल्याच्या पुढं येळेवस्तीचे अकरा किलोमीटर मी जीपमधून आलो. तेवढ्यात ती समजूत उतरली.

"वीज बाराला येते," बाई म्हणाल्या. "तोवर चहा घ्या. मशीन त्याशिवाय चालू व्हायचं नाही, आणि तुमचं काम मशीनमध्येच आहे."

काम काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. यावरूनच मी समजायला हवं होतं.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट. मी तेव्हा पुण्याच्या शब्दसंचित केंद्रात हंगामी सहसंपादक होतो. सहा वर्षं हंगामी. केंद्राचे संचालक डॉ. यशोधन केळुसकर. या गृहस्थांनी जन्मात कधी एक खिळा ठोकला नव्हता, पण श्रमसंस्कृतीवर ते पन्नास मिनिटं पाणीसुद्धा न पिता बोलत. कारागिरांच्या बोलीचा कोश ही त्यांची कल्पना. लोहार, सुतार, विणकर, होड्या बांधणारे, यांच्या तोंडचे शब्द मरायच्या आत गोळा करायचे. कल्पना चांगली होती. ती त्यांना एका विमानप्रवासात सुचली, असं ते प्रत्येक भाषणात सांगत.

शब्द गोळा करणारी माणसं चार गावांना विखुरलेली. म्हणून केंद्रानं एका तरुण मुलीकडून 'मांडव' नावाचं सॉफ्टवेअर करून घेतलं. त्याची खुबी अशी, की मध्ये कुठं मोठा संगणक नाही. आम्ही पाच जण, पाच संगणक, आणि प्रत्येकाच्या संगणकात अख्खा कोश. एकानं शब्द घातला, की बाकीचे जेव्हा जेव्हा टेलिफोन जोडतील तेव्हा तो त्यांच्याकडं जाऊन बसायचा. कोणाचा संगणक बिघडला तरी काही जायचं नाही, कारण उरलेल्या चौघांकडून सगळं परत यायचं. आणि प्रत्येक शब्दाखाली, तो कोणी घातला आणि कोणी बदलला, ते आपोआप लिहिलं जायचं.

मांडवाच्या उद्घाटनाला केळुसकर म्हणाले होते, "इथं कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. पाचही जण सारखे." हे बोलता बोलता त्यांनी रिकामा कप न बघता बाजूला धरला आणि शिपायानं तो न बोलता घेतला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पाच जण म्हणजे केळुसकर, मी, वसईचे फ्रान्सिस डाबरे, नागपूरच्या प्राध्यापिका वझलवार आणि येळेवस्तीच्या प्राथमिक शाळेतल्या इंदुमती साळुंके. साळुंकेबाई घिसाडी समाजातल्या. त्यांच्या लहानपणी घर म्हणजे बैलगाडी आणि मुक्काम म्हणजे भाता. पाच-सहा गावांतल्या शाळा बदलत त्या शिकल्या, डी.एड. झाल्या, आणि नोकरी लागल्यावर पहिल्यांदा वडिलांना एका जागी बसवलं. आमच्यात सगळ्यात कमी बोलणाऱ्या त्या, आणि सगळ्यात जास्त शब्द त्यांचे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या टेलिफोन जोडायच्या आणि आठवड्याचे शब्द आमच्याकडं यायचे. लोखंड तापताना जे रंग बदलतं त्या रंगांचे अकरा शब्द त्यांनी दिले होते. त्यातला 'चिंचोकी' मला अजून आठवतो. चिंचोक्याच्या रंगावर आलेलं लोखंड. तेव्हा घाव घातला तर तडकतं, थांबावं लागतं.

केळुसकरांनी दोन वर्षांत नऊ शब्द घातले. त्यातला एक 'घण'. त्यांनी अर्थ लिहिला: 'लोहारकामात पुरुष कारागीर वापरतो तो मोठा हातोडा.' पुढच्या शनिवारी त्याखाली साळुंकेबाईंची दुरुस्ती आली: 'आमच्यात घण बायका मारतात. पुरुष सांडशीनं लोखंड धरून बसतो. मी स्वतः अकराव्या वर्षापासून मारला आहे.' ही दुरुस्ती पाचही संगणकांवर पोचली. केळुसकरांनी ती वाचल्याचं कधी दाखवलं नाही, पण त्यानंतर त्यांनी एकही शब्द घातला नाही.

मग अनुदान समिती येणार असं ठरलं. समितीला कोशाबरोबर मांडवही बघायचा होता. केळुसकरांनी मला खोलीत बोलावलं आणि नावनिशीचा तक्ता पहिल्यांदाच नीट पाहिला.

"पाठराबे, हे असंच दिसणार त्यांना?"

"हो सर."

"साळुंके सहाशे बारा. केळुसकर नऊ." त्यांनी चष्मा काढला. "हे वस्तुस्थितीला धरून नाही."

"मोजणी मशीननं केली आहे, सर."

"मशीनला दृष्टी असते का? दृष्टी माझी आहे. बाईंनी माहिती पुरवली, त्यांचं ऋण आपण शेवटच्या पानावर मानू. माहितीदार म्हणून. संपादक कसं म्हणणार? डी.एड. झालेल्या बाई." मग त्याच दमात, आवाज जराही न बदलता, "तुमच्या कायम होण्याचा विषय मी पुढच्या बैठकीत घेतोय."

मी नवा मांडव केला. सगळे शब्द त्यात नेले आणि प्रत्येकाखालचं नाव काढून 'संपादक मंडळ' असं घातलं. एका मंगळवारी, चहा झाल्यावर. नऊ मिनिटं लागली. जुना मांडव मी माझ्या संगणकावरून पुसला, केळुसकरांच्या संगणकावरून पुसला, आणि डाबरे व वझलवारबाईंना फोन करून पुसायला सांगितलं.

डाबरे म्हणाले, "पण माझं पण नाव जाईल की."

"तुमचं नाव मुखपृष्ठावर आहे."

"आणि बाईंचं?"

"सरांचा निर्णय आहे."

"बरं," डाबरे म्हणाले. वसईचा हा माणूस चर्चच्या सभेत बिशपशीही भांडतो, अशी ख्याती होती. माझ्याशी त्याचं भांडण एका 'बरं'वर मिटलं. वझलवारबाईंनी तर विचारलंही नाही, कुठलं बटण दाबायचं एवढंच नीट समजावून घेतलं.

शनिवारी दुपारी साळुंकेबाईंनी टेलिफोन जोडला. दहा मिनिटांत सगळं परत आलं. माझ्याकडं, वसईला, नागपूरला, केळुसकरांच्या टेबलावर. सहाशे बारा शब्द आणि प्रत्येकाखाली नाव.

"तुम्ही पुसलं होतं ना?" केळुसकरांनी विचारलं.

"पुसलं होतं सर. बाईंच्या मशीनवर होतं. जिथं नाही तिथं ते आपोआप जातं."

"अहो पण मालक कोण आहे याचा?"

पुढच्या आठवड्यात मी परत पुसलं आणि शनिवारी ते परत आलं. तेव्हा केळुसकरांनी आम्हा चौघांकडचं तिसऱ्यांदा पुसून घेतलं, मला पुढच्या शनिवारचं बसचं आरक्षण काढायला सांगितलं आणि एक पाकीट दिलं. "बाईंनी आढेवेढे घेतले तर हे दाखवा. घेणार नाहीत. साधी माणसं असतात."

चहा काळा होता, आल्याचा. अंगणात लिंबाखाली पोत्यावर बाईंचे वडील बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. ऐंशीच्या घरातला म्हातारा, दंड अजून दोरखंडासारखे. एका खुरप्याला मूठ बसवत होता. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"नवी आवृत्ती आणली आहे, बाई," मी म्हणालो. "जुनी काढून ही घालायची."

"सीडीवर अक्षर तुमचंच दिसतंय."

"हो."

"नव्या आवृत्तीत काय नवीन आहे?"

मी काहीतरी बोललो. वेग, सुरक्षितता. वाक्य मला स्वतःलाच ऐकवेना, म्हणून मी मधेच थांबून चहा प्यायलो. बाईंनी मला चहा संपवू दिला. वर्गात उत्तर न आलेल्या पोराला बाई जेवढा वेळ देतात तेवढा.

"सर, मी दोन शनिवार बघतेय. तुम्ही चौघं पुसता, मी जोडते, परत येतं. पहिल्यांदा मला वाटलं, मशीन बिघडलं. दुसऱ्यांदा मी जोडलेलं असतानाच तुमच्याकडचा नवा मांडव उघडून बघितला. सगळे शब्द आहेत, नाव तेवढं नाही." त्यांनी माझा कप बाजूला ठेवला. "समजा मी आज सांगितलं, पुसू देत नाही. तर मग बॅगेत दुसरं काय आहे?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. हात मात्र बॅगेत गेला. मी पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते फोडून पत्र वाचलं, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. पत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे होतं. सदर शिक्षिका शालेय वेळेत खाजगी संशोधनाचं काम करतात, शाळेच्या टेलिफोनचा वापर करतात, चौकशी व्हावी. टेलिफोन शाळेचा नव्हता. बाईंच्या घरातला होता, माझ्या समोर कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली.

"हे तुम्ही टाइप केलं?"

"सरांनी सांगितलं, मी टाइप केलं."

त्यांनी कपाटावरून लाल पेन घेतलं, पत्रातल्या एका शब्दाभोवती गोल काढला आणि पत्र मला परत दिलं. "'शिक्षिका'त दोन्ही वेलांट्या पहिल्या. तुम्ही एक दुसरी काढलीय. कोशाच्या कचेरीतून अशी पत्रं बरी दिसत नाहीत."

बारा वाजले. वर टांगलेला पंखा आपोआप फिरायला लागला. बाई उठल्या आणि त्यांनी खिडकीजवळच्या संगणकावरचं प्लास्टिक काढलं. खिडकी अंगणाकडं होती, आणि अंगणाला लागूनच गल्ली.

"पुसा," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी आहे, आबा आहेत. मी भांडत बसणार नाही. पण पुसायच्या आधी एकदा सगळं वाचा. मोठ्यानं. आबांना ऐकायचंय. शब्द त्यांचे आहेत, त्यांनी ते कधी एका जागी ऐकलेले नाहीत."

"सहाशे बारा?"

"वीज तीनपर्यंत असते. पुरेल."

यात मला उलट सुटका वाटली, हे आज लिहितानाही लाज वाटते. मला वाटलं, स्वस्तात सुटलो. मी खुर्ची ओढली आणि वाचायला लागलो.

"ऐरण. लोखंड ठेवून घाव घालण्याचा..."

"मोठ्यानं, सर. आबा बाहेर आहेत. आणि खालची ओळ राहिली."

"कोणती?"

"नोंद."

मी घसा साफ केला. "ऐरण. लोखंड ठेवून घाव घालण्याचा ठोकळा. नोंद, इंदुमती साळुंके."

"अजून जरा."

मग मी ओरडायला लागलो. भाता, नोंद इंदुमती साळुंके. सांडशी, नोंद इंदुमती साळुंके. खिडकीतून मला आबा दिसत होते. त्यांनी खुरपं खाली ठेवलं होतं आणि ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. पन्नासएक शब्द झाले असतील, तेव्हा खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली, डोक्यावर हंडा. मग आणखी दोघी. शंभराच्या सुमाराला एक माणूस सायकल टेकवून कट्ट्यावर बसला.

"काय चाललंय ओ?" त्यानं विचारलं.

"इंदूबाईनं पुस्तक लिव्हलंय," हंडावाली म्हणाली. "पुण्याचं सायेब वाचून दावत्यात."

मी बाईंकडं बघितलं. त्या माझ्या मागं हाताची घडी घालून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. "पुढं," त्या म्हणाल्या.

'घण' आला. माझ्या पुढ्यात केळुसकरांचा अर्थ होता आणि त्याखाली बाईंची दुरुस्ती. मी दोन्ही वाचले. 'पुरुष कारागीर' म्हटल्यावर खिडकीतल्या बायका अशा हसल्या की मला थांबावं लागलं. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कुनी लिव्हलं रं हे? त्याच्या हातात देऊन बघा एकदा." मी केळुसकरांचं नावही वाचलं. ओरडूनच. त्या दिवशी मला मिळालेला आनंद एवढाच.

तीनशेच्या पुढं माझा आवाज फाटला. बाईंनी पाणी दिलं. रंगांचे शब्द आले तेव्हा मी कुजबुजल्यासारखा वाचत होतो आणि बाहेरून कोणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही सायेब." मी परत ओरडलो. चिंचोकी, नोंद इंदुमती साळुंके. आता गल्लीत पंचवीस-तीस माणसं होती. शेवटची ओळ मी म्हणायच्या आधी तीच म्हणायला लागली होती. मी नुसता शब्द आणि अर्थ टाकायचा, आणि बाहेरून सगळे मिळून, पाढे म्हटल्यासारखे: नोंद इंदुमती साळुंके. आबा कोणाबरोबर म्हणत नव्हते. ते फक्त बघत होते, एकदा माझ्याकडं, एकदा लोकांकडं, आणि मग बराच वेळ लेकीकडं.

पावणेतीनला सहाशे बारावा शब्द संपला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या कामाला लागली.

"बाई," मी म्हणालो. माझा आवाज माझा वाटत नव्हता. "मला वाटतं की..."

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलं नाही, सर. तीनला वीज जाते."

मी पुसलं. मांडवानं विचारलं, कायमचं काढायचं का. मी हो म्हटलं. त्यानं परत विचारलं, नक्की का. त्याला सगळं दोनदा विचारायची सवय होती. मी परत हो म्हटलं. मग सीडी घातली, संपादक मंडळाचा मांडव चढवला, आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"जेवून जा. भाकरी आहे."

मी बसची वेळ झाली म्हणालो. बस साडेचारला होती.

फाट्यावर एक चहाची टपरी होती. सायकल टेकवून कट्ट्यावर बसलेला माणूस तिचाच मालक निघाला. दुकान सोडून ऐकायला आला होता. त्यानं मला ओळखलं आणि न मागता चहा दिला.

"आवाज पार बसला की सायेब."

"आबांना ऐकायचं होतं," मी म्हणालो. "म्हणून मोठ्यानं वाचलं."

"आबांना?" तो किटली धरून तसाच उभा राहिला. "आबाला आठ-धा वर्सं झाली, काय बी ऐकू येत नाही. जन्मभर घणापुढं बसलेला मानूस. दारात ढोल वाजवला तरी वळून बघायचा नाही. सगळ्या गावाला ठाव हाय."

मी कप खाली ठेवला.

"मग तुम्ही वाचत कुनासाठी हुता?" त्यानं विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी बाकावर जाऊन बसलो. समोरून शाळेतली दोन पोरं टायर पळवत चालली होती. त्यातल्या एकानं मला पाहून दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघं थोडं पुढं जाऊन, मी ऐकेन एवढ्या अंतरावरून, माझ्याच फाटक्या आवाजात ओरडली: नोंद, इंदुमती साळुंके.

सोमवारी केळुसकरांनी विचारलं, "काही बोलल्या का?"

"नाही सर."

"मी म्हटलं नव्हतं? साधी माणसं." त्यांनी पत्राचं पाकीट मागितलं. मी ते दिलं. लाल गोल त्यांना दिसला की नाही कुणास ठाऊक. त्यांनी ते फाडून टोपलीत टाकलं आणि मला समितीसाठी फुलांचं सांगायला पाठवलं.

समितीनं मांडव पाहिला आणि पाच माणसांच्या समतेचं कौतुक केलं. कोश निघाला. शेवटच्या पानावर ऋणनिर्देशात येळेवस्तीचा उल्लेख आहे, 'तेथील एक शिक्षिका' असा. दोन्ही वेलांट्या पहिल्या. त्या मी स्वतः तपासल्या होत्या.

पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचं पत्र आलं. त्यावर माझं नाव जाड ठशात होतं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण आणि बिनचूक.